फूटिंगच्या (कॉलमखालच्या पायाच्या) जाळीची प्रत्येक गाठ बांधायची की एकाआड एक? परवा कास्टिंग म्हणजे काँक्रीट भरायचंय, प्लीज सांगा

मिठागर_भांडुप

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. भांडुप पूर्वेला मिठागरांच्या अंगाला आमचं जुनं घर होतं, ते पाडून तळमजला अधिक एक असं नवीन बांधतोय. नऊ फूटिंग आहेत, पाच बाय पाच फुटांची, ड्रॉइंगवर १५०० बाय १५०० एमएम लिहिलंय आणि जाडी ४५०. १२ एमएमच्या सळया दोन्ही दिशांना १५० एमएम अंतरावर, काँक्रीट एम३० ताकदीचं, कव्हर म्हणजे सळईबाहेरचं काँक्रीट ५० एमएम. पीसीसी (खालचा साध्या काँक्रीटचा थर) झालंय, जाळ्या खड्ड्यात बसल्यात, कॉलमचे स्टार्टर (पायातून वर येणाऱ्या उभ्या सळया) उभे केलेत आणि परवा शनिवारी सकाळी काँक्रीटच्या दोन गाड्या सांगितल्यात.

आता झालंय असं की सळया बांधणाऱ्या फिटरने जाळीच्या कडेने तारेच्या सगळ्या गाठी मारल्यात पण आतमध्ये एक सोडून एक मारलीय. आज शेजारचे काका बघायला आले आणि म्हणाले अरे ही फसवणूक आहे, जिथे गाठ नाही तिथे ताकद नाही, उद्या घर खचलं तर कोणाच्या दारात जाशील. बाबांच्या डोक्यात ते बसलं आणि ते फिटरला सगळ्यांसमोर बोलले, तो म्हणाला पंधरा वर्षं असंच काम करतोय, विश्वास नसेल तर दुसरा माणूस बघा, आणि डबा उचलून निघून गेला. संध्याकाळी मी फोन केला तेव्हा उद्या येतो म्हणाला पण आवाजावरून वाईट वाटलेलं कळत होतं.

ठेकेदार म्हणतो एवढं टेन्शन असेल तर सगळ्या जोडांवर वेल्डिंगचे टाके मारू, दोन तासांचं काम आहे. अजून एक, जाळीखाली विटांचे तुकडे ठेवलेत आणि तारांची टोकं खाली लोंबतायत, हे चालतं का? आणि भरतीच्या वेळी दोन खड्ड्यांत पाणी झिरपतं. फोटो टाकलेत. मी अकाउंट्सचं काम करतो, यातलं मला काही कळत नाही आणि घरात सगळे माझ्याकडे बघतायत. कोणी अनुभवी असेल तर प्लीज सांगा.


साईट_डायरी

दादा, मी गेली नऊ वर्षं साईटवर इंजिनिअर आहे, ठाणे ते पनवेल बऱ्याच फाउंडेशन माझ्या डोळ्यांसमोर भरल्या गेल्यात, त्यामुळे सरळ सांगते. तुमच्या फिटरने फसवणूक केलेली नाही. कडेच्या सगळ्या आणि आतल्या एकाआड एक ही जाळी बांधायची चालत आलेली आणि मान्य असलेली पद्धत आहे.

काकांचा जो समज आहे ना, की गाठीमुळे ताकद येते, तो खूप जणांचा असतो, शिकलेल्यांचासुद्धा. बाइंडिंग वायर घराचं वजन उचलत नाही. वजन घेताना सळई आणि काँक्रीट एकमेकांना धरतात, सळईवरच्या त्या उंच रेघा त्यासाठीच असतात. तारेचं काम एवढंच की काँक्रीट ओतताना, त्यावर माणसं चालताना, व्हायब्रेटर फिरताना सळई जागची हलू नये. काँक्रीट घट्ट झालं की तारेची ड्यूटी संपली. म्हणून किती गाठी मारल्या हे मोजत बसण्यापेक्षा जाळी हलते का ते बघा.

तरी बाबांच्या समाधानासाठी हिशोब करून दाखवते, तुम्ही अकाउंट्सवाले आहात म्हणजे पटेल. दोन्ही बाजूंचं कव्हर सोडून १५० वर साधारण ११ सळया एका दिशेला आणि ११ दुसऱ्या दिशेला, म्हणजे १२१ ठिकाणी सळई सळईला ओलांडते. त्यातल्या कडेच्या ४० बांधलेल्या आहेत, आतल्या ८१ पैकी निम्म्या सुटल्या, म्हणजे एका फूटिंगला चाळीस, नऊ फूटिंगला ३६०. एका गाठीला फूटभर तार लागते, १८ गेजची तार मीटरला ९ ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे सगळं मिळून एक किलो तारेची गोष्ट आहे. एका माणसाचं तीन-चार तासांचं काम. मारून घ्यायच्या असतील तर खुशाल मारून घ्या, नुकसान काहीच नाही, पण त्यापायी चांगला माणूस दुखवू नका.

मला तुमच्या फोटोत काळजी वाटली ती विटांच्या तुकड्यांची. ते आजच्या आज काढा. वीट पाणी पिते, वजनाच्या पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत पाणी धरून ठेवू शकते, आणि तुमची जमीन मिठागराची. म्हणजे खालचं खारं पाणी विटेतून थेट सळईपर्यंत पोहोचायला तुम्ही स्वतःच रस्ता करून देताय. शिवाय फोटो नंबर चारमध्ये एक तुकडा दबून फुटलाय आणि तिथे जाळी जवळजवळ पीसीसीला टेकलीय. तिथे कव्हर ५० नाही, १०-१५ असेल. हार्डवेअरच्या दुकानात ५० एमएमचे तयार काँक्रीटचे कव्हर ब्लॉक मिळतात, एका फूटिंगला तीन ओळींत तीन असे नऊ, नऊ नवे ८१, शंभर घ्या. घरी बनवायच्या भानगडीत पडू नका, परवा कास्टिंग आहे, कालचा ओला ब्लॉक वजनाखाली चुरा होतो.


कन्नमवार_बी

तांत्रिक काही सांगू शकणार नाही पण कव्हरचा विषय निघाला म्हणून लिहावंसं वाटलं. विक्रोळीला आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये स्वयंपाकघराच्या छताचा पोपडा आईच्या पाटाच्या शेजारी पडला, ती तेव्हा नुकतीच उठून पाणी आणायला गेली होती. वर बघितलं तर सळई उघडी, बोटाने खरवडली तर गंजाचे पापुद्रे हातात आले, मूळ सळई पेन्सिलीएवढी राहिलेली. रिपेअरिंगवाल्या इंजिनिअरने टेपने मोजून दाखवलं, त्या जागी सळईखाली जेमतेम बोटाच्या पेराएवढंही काँक्रीट नव्हतं आणि त्याच खोलीत दुसऱ्या टोकाला जिथे नीट जाडी होती तिथली सळई अजून शाबूत. एकाच दिवशी भरलेला स्लॅब, तेच काँक्रीट, तोच मुंबईचा पाऊस. तेव्हापासून कोणी घर बांधत असेल तर मी त्याला हेच सांगतो. छत निदान दिसतं तरी, पाया उकरून कोण बघणार आहे. ब्लॉक लावून घ्या भाऊ.


फिटर_लातूर

राम राम. मी स्वतः फिटर हाय, लातूरकडचा, मुंबईत येऊन बावीस वर्सं झाली, कळंबोलीला राहतो. मोबाईलवर लिहायलोय, चुका काढू नका.

तुमच्या फिटरची बाजू पहिली घेतो. आमचं काम बसून, वाकून, मे महिन्यात सळई तव्यावानी तापलेली असती, हातमोजा घातला की तार कळत न्हाई म्हणून उघड्या हातानं काम. दिवसाला हजार-बाराशे गाठी मारल्या की रात्री मनगट उशीवर ठेवता येत न्हाई. अशा माणसाला चारचौघांत चोर म्हटलं तर डबा उचलणारच. उद्या आला की बाबांना म्हणावं चहा घेऊन स्वतः खड्ड्यापाशी जावा, दोन शब्द बोलावं. काम आपोआप चांगलं होतंय, मी सांगतो ना.

आता गाठीचं. ताईंनी सांगितलं ते खरं हाय, पण गाठ बरोबर बसली का ते कसं बघायचं ते मी सांगतो. तारेचा हातभर तुकडा मधे दुमडायचा, म्हणजे एका टोकाला फास तयार होतो. तो दुमडलेला तुकडा दोन सळया जिथं एकमेकीवर येत्यात तिथं खालून तिरका घालायचा, फास वर आला की त्यात हुक अडकवायचा, दुसरी दोन टोकं हुकावरून आडवी टाकायची आणि हुक वर ओढत ओढत फिरवायचा. वर ओढणं महत्त्वाचं हाय बगा. नुसतं फिरवलं तर तार आपल्या आपल्यात पीळ खाती, वरून गाठ झकास दिसती पण सळईला धरतच न्हाई. अडीच-तीन फेऱ्यात हाताला कळतंय की गच्च झाली, त्याच्यावर अर्धा फेरा जास्त दिला की तुटली. नवीन पोराला हेच शिकायला सहा महिने लागत्यात.

तुमी तपासायचं असं. गाठीच्या शेजारची सळई अंगठा आणि बोटात धरून घुमवून बगा. फिरली तर गाठ ढिली. मग जाळीवर मधोमध उभं राहून एक पाय आपटा, शेजारच्या सळया सरकल्या तर तिथं गाठी वाढवायला सांगा. फिटरसमोरच करा, लपूनछपून नको, त्याला बी आवडतंय मालकानं बघितलेलं.

आणखी एक. तुमच्या तिसऱ्या फोटोत सगळ्या गाठींचा तिरकेपणा एकाच बाजूला झालाय. असं केलं की जाळी पतंगावानी तिरकी व्हायला बगती, चौकोनाचा चौकोन राहत न्हाई. एक गाठ उजवीकडं झुकलेली तर शेजारची डावीकडं पाहिजे. आता सोडून परत बांधू नका, ज्या सुटलेल्या हायत त्यातल्या काही उलट्या बाजूनं मारल्या की जाळी आवळून बसती. आणि कॉलमच्या खाली, जिथं स्टार्टरचे पाय जाळीवर बसत्यात, तिथं दोन बाय दोन फुटाच्या आत एक पण गाठ सोडायची न्हाई. एकाआड एक हे बाकीच्या जाळीला ठीक हाय, कॉलमखाली न्हाई. माझा तरी हाच नेम हाय.

खाली लोंबणाऱ्या तारा मात्र चूक. टोक हुकानं आत, वरच्या अंगाला मुरडायचं. तारेचं टोक कव्हरमधून खाली गेलं की गंजायला तिथूनच सुरुवात.


ओळंबा

मी निवृत्त आरसीसी कन्सल्टंट, पस्तीस वर्षं याच कामात गेली, आता दादरला असतो आणि गुडघ्यांमुळे साईटवर उतरत नाही पण फोटो बघायची सवय गेली नाही. वरच्या तिघांनी फार चांगलं लिहिलंय. माझे दोन-चार मुद्दे, जरा लांबतील.

वेल्डिंग. अजिबात नको. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय कोडमध्ये स्पष्ट म्हटलंय की एकमेकींना छेदणाऱ्या सळया जुळवणीसाठी टाके मारून वेल्ड करू नयेत, इंजिनिअरने परवानगी दिली असेल तरच. कारण समजून घे बाळा. टीएमटी सळई कारखान्यात लाल असतानाच पाण्याच्या फवाऱ्याने वरून झटकन थंड करतात, त्यामुळे बाहेरचं कडं टणक आणि आतला गाभा मऊ, वाकणारा राहतो. त्या कड्याच्या जोरावर तिची ताकद असते. तू वेल्डिंगचा टाका मारलास की तेवढ्या जागी पुन्हा तापवलंस, कडं तिथे आपला गुण सोडतं, कुठे मऊ पडतं तर कुठे ठिसूळ होतं. हजार टाके म्हणजे हजार कच्च्या जागा, आणि त्याही मुख्य सळईवर. ठेकेदार वाईट हेतूने म्हणाला नसेल, पण त्याला नाही म्हणून सांग.

आता कव्हर. ड्रॉइंगवर ५० आहे, आयएस ४५६ फूटिंगला किमान ५० च सांगतं. मिठागरांशेजारची जमीन म्हणजे माती आणि पाणी दोन्हींत क्षार, त्या दृष्टीने तुझ्या कन्सल्टंटने एम३० धरलेलं दिसतंय. कोणी तुला म्हणेल की ७५ कर, जास्त चांगलं. स्वतःच्या मनाने करू नकोस. जाळी २५ एमएम वर उचललीस की तिची काम करायची खोली तेवढी कमी होते, ४५० च्या फूटिंगमध्ये जाळीची खोली ३९० च्या घरात, त्यातले २५ गेले म्हणजे सहा टक्क्यांहून जास्त. जाळी खाली गेली तर गंज, वर गेली तर ताकद कमी. कव्हर ५० च्या खाली येता कामा नये आणि ६० च्या वर जाता कामा नये, कोड एवढीच सूट देतं. वाढवायचंच असेल तर कन्सल्टंट फूटिंगची जाडीपण वाढवून देईल, त्याला फोन कर, त्याचं ते कामच आहे.

आणि हे कव्हर बाजूंनाही लागतं, फक्त खाली नाही. तुझ्या फोटो दोनमध्ये सळईची वर वळवलेली टोकं एका अंगाला शटरिंगला टेकलीत. जाळी मधोमध सरकवून घे, चारही बाजूंना ब्लॉक उभे बांध. ब्लॉकमध्ये तार असते ती सळईला आवळायची, नुसता सरकवलेला ब्लॉक काँक्रीटच्या लोंढ्याबरोबर निघून जातो.

पाण्याचं म्हणशील तर खड्ड्याच्या कोपऱ्यात, फूटिंगच्या बाहेर, छोटा सम्प (पाणी गोळा व्हायचा खड्डा) खणून पंप टाका आणि शनिवारची भरती-ओहोटीची वेळ बघून त्या दोन फूटिंगचं काँक्रीट ओहोटीला घ्या. पाणी उतरल्यावर सळईवर गाळाचा थर राहतो, तो गोड्या पाण्याने धुऊन, तारेच्या ब्रशने घासून काढायचा. चिखलाच्या सळईला काँक्रीट धरत नाही. सळईवर जो हलका तांबूस रंग आलाय त्याला घाबरू नकोस, पापुद्रा सुटत नसेल तर चालतो.

आता जे तू विचारलं नाहीस ते. तुझ्या पाचव्या फोटोत कॉलमच्या रिंगा (उभ्या सळयांभोवती घातलेली कडी) फोटो मोठा करून नीट बघितल्या. दोन रिंगांची टोकं काटकोनात वळवून बाहेर सोडलीत. बाकीच्या बरोबर दिसतात, त्या दोनच राहिल्यात. रिंगचं टोक १३५ अंशात, म्हणजे कॉलमच्या पोटात शिरलेलं पाहिजे आणि वळणानंतर किमान ६५ एमएम सरळ. भूकंपासाठीच्या आयएस १३९२० या कोडची २०१६ ची आवृत्ती हेच सांगते. भूकंपाच्या नकाशावर मुंबईला आम्ही आयुष्यभर झोन ३ धरत आलो, हे हलक्यात घ्यायचं नाही. हादरा बसला की वरचं काँक्रीट निखळतं आणि काटकोनातली रिंग उघडून सुटते, मग कॉलमच्या उभ्या सळयांना धरणारं कोणी उरत नाही. गाठी एकाआड एक असल्याने घर पडल्याचं मी माझ्या आयुष्यात पाहिलं नाही, पण उघडलेल्या रिंगांचे कॉलम भूजला २००१ मध्ये स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेत, पाहणीसाठी गेलो होतो. पिंजरा फुटलेल्या टोपलीसारखा पसरलेला. त्या दोन रिंगा बदलून घे, पाच मिनिटांचं काम आहे.


मिठागर_भांडुप

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री हे सगळं बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. फिटरदादांचं लिहिलेलं वाचताना ते गप्प झाले आणि सकाळी फिटर यायच्या आधीच जाऊन साईटवर बसले. काय बोलले मला माहीत नाही, मी पोहोचलो तेव्हा दोघं खड्ड्याच्या काठावर बसून चहा पीत होते आणि आमचा फिटर बाबांना हुक कसा धरायचा ते दाखवत होता. बाबांनी दोन गाठी मारल्या, एक तुटली.

ब्लॉक आणले, शंभर. विटांचे तुकडे काढताना कळलं की चार ठिकाणी तुकडे आधीच फुटून जाळी खाली टेकली होती, आणि वरून बघताना काहीच कळत नव्हतं. फिटरने पहारीने जाळी उचलून धरली आणि मी खाली हात घालून ब्लॉक सरकवले, प्रत्येकाची तार त्याने आवळली. कॉलमखालच्या सगळ्या गाठी मारल्या, बाकी सुटलेल्यांतल्या काही उलट्या बाजूने मारल्या. मग मी जाळीवर उभा राहून पाय आपटला, जाळी हलली नाही. कालसुद्धा आपटायला हवा होता म्हणजे फरक कळला असता.

लोंबणारी टोकं मुरडायला सगळ्यात जास्त वेळ लागला. नऊ फूटिंग, प्रत्येक टोक हुकाने एकेक करून वर. दुपारी ऊन डोक्यावर आलं तेव्हा ताडपत्री बांधली. रिंगांचं ओळंबा काकांनी सांगितलेलं दाखवलं तर फिटर स्वतःच म्हणाला या माझ्या पोराने घातल्यात, नवीन आहे, आणि लगेच बदलल्या. वेल्डिंग रद्द. कन्सल्टंटना फोन केला, कव्हर ५० च ठेवा म्हणाले.

उद्या कास्टिंगला अजून काय लक्ष द्यायचं?


साईट_डायरी

छान झालं दादा, बाबांचं वाचून खूप बरं वाटलं. उद्यासाठी. फिटरला कास्टिंग संपेपर्यंत थांबवा, त्याची पूर्ण हजेरी द्या, कारण काँक्रीट पडायला लागल्यावर एखादी सळई सरकली तर ती जागच्या जागी ओढून बांधणारा माणूस तिथेच पाहिजे. जाळीवर थेट कोणी चालायचं नाही, फळ्या टाका. काँक्रीट उंचावरून एका जागी धबाधबा सोडू नका, पाइप खाली न्या, एका अंगाला ढीग झाला की तो ढीग जाळी आणि स्टार्टर दोन्ही ढकलतो. व्हायब्रेटरची सुई काँक्रीटमध्ये उभी घालायची, हळू वर काढायची, सळईला लावून धरायची नाही. कामगार सुई सळईवर टेकवतात कारण सगळी जाळी थरथरते आणि काम भराभर होतंय असं वाटतं, पण गाठी तिथेच ढिल्या होतात. आणि स्टार्टरच्या वरच्या टोकांना प्लॅस्टिकच्या टोप्या घाला, खड्ड्यात कोणी पाय घसरून पडलं तर ते टोक पोटात जातं. हे मी एका साईटवर पाहिलंय, त्याबद्दल लिहिण्याची इच्छा नाही, फक्त टोप्या घाला. नसतील तर लाकडी फळी खिळे ठोकून आडवी बांधा.


फिटर_लातूर

ताई बरोबर. स्टार्टर वरून दोन अंगांनी आडव्या सळयांनी आवळून त्या सळया काठावरच्या खुंट्यांना बांधा, म्हणजे काँक्रीटचा धक्का बसला तरी कॉलम जागा सोडत न्हाई. आणि रेषेला दोरी लावून ठेवा, नुसत्या डोळ्यानं कळत न्हाई.

त्या पोराला रागावू नका. पहिल्या दोन वर्सांत मी बी रिंगा अशाच घातल्यात, मला कोणी दाखवलं तवा कळलं.


मिठागर_भांडुप

शनिवारी संध्याकाळी अपडेट. नऊच्या नऊ फूटिंग भरून झाली. पाणी झिरपणाऱ्या दोन आम्ही शेवटी, ओहोटीला घेतल्या, पंप चालू ठेवून, सळया धुऊन. काम संपलं तेव्हा सगळ्यांना वडापाव आणि ताक दिलं. पण एक गोष्ट झालीय आणि आता परत झोप नाही. सहा नंबरच्या फूटिंगवर काँक्रीटचा पाइप झटक्याने आला आणि खुंटी निघाली, त्यामुळे कॉलमच्या सहा स्टार्टरपैकी एका अंगाच्या दोन सळया दोरीपासून ३० एमएम बाहेर गेल्यात. आता काँक्रीट सेट झालंय. मुकादम म्हणतो उद्या सळईवर पाइप घालून एका दणक्यात सरळ करून टाकू.


ओळंबा

थांबव त्याला. ताज्या काँक्रीटमधली सळई दणका देऊन वाकवली की मुळाशी काँक्रीट फुटतं आणि सळई सुटी होते. निदान आठवडाभर त्या सळईला कोणी हात लावायचा नाही, काँक्रीटवर ओलं पोतं घालून पाणी मारत राहा.

३० एमएम हे सुधारण्यासारखं आहे, घाबरू नकोस. सळई हळूहळू तिरकी घेऊन जागेवर आणतात, आणि तो तिरकेपणा सहाला एक यापेक्षा जास्त नसावा, म्हणजे ३० एमएम सरकायचं तर किमान १८० एमएम लांबीत, थंडच, गॅसने तापवून नाही. त्या वळणाला जादा रिंगा लागतात कारण तिरकी सळई बाहेर ढकलते. पण किती रिंगा आणि कुठून वळवायचं हे तुझ्या कन्सल्टंटने जागेवर येऊन ठरवायचं, मी फोटोवरून सांगणार नाही. टेप लावून दोन्ही सळयांचं माप घे, मुळाशी किती आणि वरती किती बाहेर आहे ते वेगवेगळं लिहून त्यांना आजच पाठव. मुळाशीच सरकली असेल तर एक विषय, फक्त वरून झुकली असेल तर फारच सोपं.


मिठागर_भांडुप

मोजलं काका. मुळाशी ८, वरती ३०. म्हणजे जास्त झुकलीच आहे. कन्सल्टंटना फोटो पाठवले, ते सोमवारी सकाळी येतायत, तोपर्यंत सळईला हात लावू नका असंच म्हणाले. फिटरलाही फोन केला, तो म्हणाला मीपण सोमवारी येतो, साहेब काय सांगतात ते मला ऐकायचंय. बाबा आत्ता पोत्यांवर पाणी मारतायत.